पर हेड

टिपेश्वरच्या जंगलात शिरलं की सगळ्यांचे डोळे झाडोऱ्यावर असतात, परहेड्याचे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. एकदा वाघीण दिसली, तीही बछड्यांसह. जिप्सीत माणसं श्वास रोखून उभी, गाईडनं ओठांवर बोट ठेवलेलं, आणि हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "एक वाघ पर हेड लय महाग पडत होता बे. बछडे धरले तं रेट आला खाली." वाघीण उठून आत गेली. हिशेबात धरलेलं तिला आवडलं नसावं.

तुमच्याही ग्रुपात हा असणारच. आम्ही त्याला परहेड्या म्हणतो, त्याच्या बायकोसमोर परहेडभाऊ. जन्मभर लेखा विभागात काढलेला माणूस, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू दिसली की आधी तिला आठानं भागायचं. आम्ही आठ जण आहोत. दत्त चौकात चहा पिताना कोणी नुसतं "कुठं तरी जाऊ यार" म्हटलं, की याच्या खिशातून वही निघते. जागा ठरायच्या आधी आकडा ठरतो. कुठं जायचं ते नंतर, त्या आकड्यात बसेल तसं.

सहलीची तारीख काढणं हे मात्र त्याच्याही वहीला झेपत नाही. आमच्या यवतमाळात वर्षाला सवडच नाही. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी-निंदण, मग पोळा, दसऱ्यापासून कापसाची वेचणी, ती सरेस्तोवर भाव वाढेल म्हणून वाट बघणं, मग तूर, मग लग्नसराई, आणि लग्नातून मान वर काढावी तर पंचेचाळीस डिग्री ऊन. ग्रुपात नोकरदार कितीही असले तरी प्रत्येकाच्या मागं कुठं ना कुठं दोन-चार एकर बांधलेले आहेतच. म्हणून सहस्रकुंडची सहल ठरली भर ऑगस्टात, निघाली एप्रिलात. पावसाळ्यात तिथं पैनगंगा काळ्या खडकांवरून अशी कोसळते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही गेलो तेव्हा खडकच खडक, आणि परहेड्याचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. "नावापरमानं हजार धारा धरल्या तं पर हेड एकशे पंचवीस. इथं दोन हायेत. मंजे पावच पडते." वरून माझ्याकडं असं पाहिलं, जणू उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णव मीच दाबून बसलोय.

माहूरला रेणुकेच्या पायऱ्या त्यानं मोजल्या. वर पोचल्यावर बराच वेळ गप्प बसला. या पायऱ्या आठांत वाटून घेता येत नाहीत, ज्याच्या त्याला सगळ्याच चढाव्या लागतात, हे त्याच्या मनाला फार लागलं.

लग्नाला गेला तरी तेच. अहेराचं पाकीट देताना पंगतीकडं नजर. मठ्ठ्याला पोचेपर्यंत याचा अहेर वसूल झालेला असतो आणि जिलबीपासून पुढं तो नफ्यात खातो. या माणसाबरोबर पुन्हा कुठं जायचं नाही, असं आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी जाहीर केलेलं आहे. मीही केलं होतं.

मग २०१७ साल आलं. गुलाबी बोंडअळीनं कापूस आतून खाल्ला तो हंगाम. चिखलदरा ठरलं होतं, गाडीवाल्याला ॲडव्हान्स गेला होता, आणि घाटंजीकडच्या आमच्या कास्तकार मित्रानं कळवलं, मला जमत नाही, तुम्ही जाऊन या. ग्रुपातले मास्तर म्हणाले, ठीक आहे, सात जण जाऊ.

"हेड कमी झालं का रेट वाढते," परहेड्या म्हणाला.

"वाढू दे. वरचा फरक मी देतो."

"पैशाचा सवाल हाय का बे?"

चहाच्या टपरीवर शांतता पसरली. हे वाक्य या तोंडातून निघू शकतं, यावर कोणाचाच विश्वास बसेना. चिखलदरा रद्द झालं. ॲडव्हान्स बुडाला, आणि त्याचे आठ भाग त्यानं आजतागायत कोणाकडं मागितलेले नाहीत. का मागितले नाहीत, असं विचारायची सोय नाही, लगेच वही काढेल.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्या कास्तकाराच्या शेतावर रोडगे खायला गेलो. कणीक, तूरडाळ, तूप, वांगी, सगळं परहेड्यानं डिक्कीतून आणलं. वहीत कास्तकाराच्या नावापुढं लिहिलं होतं: गोवऱ्या, जागा, विहिरीचं पाणी, वर्गणी जमा. रोडगे पर हेड तीन होते. चौथा कोणी उचलला, याची चौकशी अंधार पडेपर्यंत चालली. कास्तकार पोट धरून हसत होता. उचलला त्यानंच होता.

२०२४च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब गाडी सुरू झाली, तेव्हा परहेड्यानं आम्हाला तिच्यात बसायला नेलं. यवतमाळहून कळंबला जायचं एसटीनं, चिंतामणीच्या पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं, मग रेल्वेनं वर्ध्याला जायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. वर्ध्यात आमचं कोणाचंच काम नव्हतं. पण लहानपणी मूर्तिजापूरच्या मामाकडं शकुंतला रेल्वेनं जायचा तो. मँचेस्टरला घडलेलं तिचं जुनं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं, पुढं डिझेल आलं, मग तीही बंद पडली. डब्यात बसल्यावर गडी खिडकीबाहेर बघत राहिला. देवळी गेली तरी वही निघाली नाही. आता आम्हालाच काळजी वाटू लागली. शेवटी मास्तरांनी डिवचलं, "काऊन बे, पर हेड किती पडते?"

उत्तर तयार होतं. वर्धा-नांदेड पूर्ण लाइन २८४ किलोमीटर. जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार. "पर हेड दहा सेंटिमीटर रूळ मंजूर हाय आपल्याले. कळंबपावतर चाळीसेक किलोमीटर आला, मंजे दीड सेंटिमीटर भेटला. शकुंतलेचे एकशे तेरा किलोमीटर होते, पर हेड चार सेंटिमीटर, ते गेले."

मास्तरांनी हरकत घेतली, की सगळा रूळ काही आपल्या जिल्ह्यात नाही, वर्धेकर आणि नांदेडकरही वाटेकरी आहेत.

"मंग त्यायचे हेड धर. आनखीच कमी येते."

वर्ध्याच्या फलाटावर उतरल्या उतरल्या त्यानं पुढची सहल जाहीर केली: यवतमाळ स्टेशनवर बसून थेट नांदेड, पर हेड शंभर रुपये ॲडव्हान्स. तारखेची जागा कोरी सोडली. स्वतःसकट सात जणांचे पैसे तिथंच जमा केले आणि कास्तकाराच्या नावापुढं लिहिलं, कापूस विकल्यावर.