सोलायला सर्वांत सोपं अंडं

उकडलेलं अंडं सोलताना निम्मा पांढरा बलक टरफलासोबत निघाला, की दोष मिठाला, सोड्याला, नाही तर सोलणारीच्या नखांना मिळतो. खरा गुन्हेगार ताजेपणा. ताज्या अंड्याचा पांढरा बलक आतल्या पापुद्र्याला धरून बसतो. टरफलाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून गेला, की आठवडाभरात पकड सैल होते. मग अंडी गार पाण्यात न मांडता थेट उकळत्या पाण्यात सोडायची, बस्स. शिळं म्हणजे सडकं, असा आक्षेप येईल. पण सावलीत गार ठेवलेलं आठवड्याचं अंडं सडत नाही.

तिवसा गावच्या शाळेत मधल्या सुट्टीआधी ढीगभर अंडी सोलायची, तर हे शास्त्र कामाचं. महाराष्ट्र शासनानं मात्र त्यापुढची युक्ती काढली. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं (न खाणाऱ्याला केळं), आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधीच थांबला. न दिलेल्या अंड्याचं टरफल चिकटत नाही, हे मान्य! पैसा नव्हता म्हणावं, तर सात लाख कोटींच्या अंदाजपत्रकात हा खर्च सुमारे 50 कोटींचा. लोकसहभागातून अंडी देण्याची मुभा आहे म्हणे. तेव्हा तिवसेकरांनो, वर्गणी काढा. अंडी तेवढी आठवडाभर आधी घ्या.