कलम १७अ यांस, पूर्वपरवानगीविना

प्रति,
मा. कलम १७अ साहेब,
लाचलुचपत प्रतिबंधक अधिनियम, १९८८

सा. न. वि. वि.

आपल्याला थेट लिहायला कुणाची मंजुरी लागत असेल, तर प्रस्ताव वर गेला आहे असे समजावे.

निमित्त कालच्या टपालाचे. एका कार्यालयाच्या खरेदीबद्दल मी बिलांच्या प्रती जोडून रीतसर तक्रार केली होती. उत्तर आले: ‘१७अ अन्वये पूर्वपरवानगीचा प्रस्ताव सादर आहे.’ म्हणजे चौकशी चालू नाही. चौकशी करू का, असे सरकारला विचारले आहे. खरेदी ज्याच्या खात्याने केली, त्याच सरकारला! त्यासाठी तीन महिने, वर आणखी एक. मुदत उलटली तर काय, यावर आपण मूग गिळून बसलात. जायकवाडी धरण जिल्ह्यातच असून नळाला दिवसाआड पाणी आले तरी आम्ही संभाजीनगरकर खूष असतो. वाट बघायची आम्हाला सवय आहे, एवढ्यावर विसंबून राहिलात वाटते.

फेरफारासाठी कुणी दोन हजार मागितले की लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, म्हणजे एसीबीचा, १०६४ फिरवायचा. नोटांना पावडर, दोन पंच, एक इशारा, रंगेहाथ अटक. तिथे आपण आड येत नाही, कबूल. मे २०२५ मध्ये इथल्या निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांनाही एसीबीने लाचेच्या आरोपावरून पकडले. पण जो नोटेला हातच लावत नाही त्याचे काय? जो नुसता शेरा मारतो, निविदेच्या अटी एकाच ठेकेदाराच्या मापाने बेततो? तो ‘निर्णय’ घेतो, आणि निर्णय म्हटला की आपण दारात काठी घेऊन उभे.

आपले घराणेही मोठे चिवट. आजोबा ‘सिंगल डायरेक्टिव्ह’, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी सीबीआयने सरकारला विचारावे हा आदेश; त्यांना सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये घालवले. वडील सीबीआयच्या कायद्यातले कलम ६अ, ते २०१४ मध्ये गेले. बड्या अधिकाऱ्यांनाच वेगळे कवच का, असे कोर्टाने विचारले म्हणून. सरकारने २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून तोड काढली, ती म्हणजे आपण: मग सगळ्यांनाच देऊ! आणि त्याच दुरुस्तीत लाच देणाराही गुन्हेगार ठरला. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. नाडलेल्याला सात दिवस, सरकारला चार महिने. लाज कशी वाटली नाही हो?

(फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असा २००५ चा एक कायदा आहे. त्याला वेगळे पत्र लिहीन.)

प्रामाणिक अधिकाऱ्याचा हात सही करताना कापू नये म्हणून आपला जन्म, असे सांगतात. ती भीती खरी आहे, मला ठाऊक आहे. उद्या चौकशी लागेल म्हणून रास्त कागदही बाजूला सारणारे भले लोक मी पाहिलेत. पण गोदाकाठी रात्री वाळूचा ट्रॅक्टर अडवणारा तलाठी हाही प्रामाणिकच ना? ट्रॅक्टर त्याच्या अंगावर येतो तेव्हा तुम्ही कुठे असता? त्याच्या नावाने जन्मलात आणि राबताय दुसऱ्यांच्या घरी. तुमचीही कीवच येते.

तर एवढे करा. मुदत संपली की परवानगी मिळाली असे धरावे, ही एक ओळ स्वतःत घालून घ्या. जमत नसेल तर निदान नकार लेखी द्या, कारणांसकट. कागद घेऊन मी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाईन. ते इथेच आहे, जालना रोडला.

कळावे,
एक तक्रारदार