नाक दाबलं की...

मे महिना आला, पारा 45 ला टेकला, की आमच्या विदर्भातल्या कॅज्युअल्टीत नाकं येऊ लागतात. नाक कधी एकटं येत नाही, मिरवणुकीनं येतं. मधोमध पेशंट, मान आभाळाकडे. डोक्यावर ओतलेलं पाणी अजून निथळतंय. मोठा भाऊ ती मान आणखी मागे रेटतोय, वहिनी नाकाशी फोडलेला कांदा धरून उभी आणि आई देवाचं नाव घेतेय. मी तोंड उघडण्याआधीच कोरसमध्ये निदान कानावर येतं, "डॉक्टरसाहेब, घोळणा फुटला!"

नातेवाइकांनी केलेलं निदान हमखास बरोबर ठरतं, असा हा दुर्मीळ आजार. उपचारही तेच करून आलेले असतात. तो तितकाच हमखास चुकलेला असतो.

मान मागे टाकली की रक्त दिसेनासं होतं, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटतं. रक्त थांबलेलं नसतं. ते मागच्या दारानं घशात आणि तिथून पोटात उतरत असतं. पोटाला हा पाहुणा मानवत नाही. थोड्या वेळात काळपट उलटी होते, ती पाहून आईला घेरी येते आणि कांदा तिच्या नाकाकडे वळतो. या साऱ्या प्रकरणात कांद्याचा झालाच तर एवढाच उपयोग.

खरा उपचार इतका साधा आहे की सांगताना आम्हालाच संकोच वाटतो. ताठ बसा, थोडं पुढे वाका, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, तोंडानं श्वास घ्या. 10 ते 15 मिनिटं. बस्स. दहातले नऊ घोळणे नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून फुटतात. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि ते चिमटीत सापडतं. 1879 मध्ये अमेरिकेच्या लिटल यांनी या जागेकडे बोट दाखवलं, 1884 मध्ये जर्मनीच्या किसेलबाख यांनी. जागेला दोघांचीही नावं आहेत. तोंडी परीक्षेत आपल्याला एक आठवतं आणि परीक्षकांना दुसरं हवं असतं.

पण लोक दाबतात कुठे? चष्मा टेकतो त्या हाडावर. हाड दाबून रक्त थांबत असतं, तर चष्मेवाल्यांचा घोळणा कधी फुटलाच नसता.

बोटं योग्य जागी नेऊन ठेवली, तरी पुढची पंधरा मिनिटं कठीण. दर अर्ध्या मिनिटाला बोटं सोडून "थांबलं का?" बघितलं जातं. गुठळी बिचारी धरू लागलेली असते, तिचा पुन्हा श्रीगणेशा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे तर आपल्याकडे सर्वांना पाठच आहे. मोबाइल वाजतो आणि पेशंट सुरू होतो, "हॅलो, बी दवाखाद्यात आहे. दाही, काही दाही झालं!"

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" मी विचारतो.

"कोणतीच गोळी नाही."

"काहीच घेत नाही?"

"ते अँजिओप्लास्टीनंतरच्या दोन आहेत. पण त्या तर रोजच्याच!"

एवढ्यात भावाला घाई होते. "इंजेक्शन द्या ना साहेब, नुसतं बसवून काय ठेवता?" 2021 मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास पाचशे पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींच्या नाकात रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडचा बोळा ठेवला, बाकीच्यांच्या नाकात निव्वळ पाण्याचा. नाकात पॅकिंग करायची वेळ दोन्हीकडे सारखीच आली. हे मी भावाला सांगत नाही. तो पाण्याचं इंजेक्शन मागेल.

चिमटीनं भागलं नाही तर रक्तवाहिन्या आकसवणारा स्प्रे, मग दिसणाऱ्या जागेवर सिल्व्हर नायट्रेटची काडी, मग पॅकिंग. जादूगार तोंडातून रंगीत फीत काढतो, तसंच पण उलट: हातभर रिबन गॉझ एका नाकपुडीत दिसेनासा होतो आणि "अजून किती?" या प्रश्नाला पेशंटचे डोळेच उत्तर देतात. रक्त पार मागून येत असेल तर नाकातून फोलीची नळी घालून आत फुगा फुगवावा लागतो. तेव्हा मात्र अख्खी मिरवणूक गप्प होते. मग एक काका हळूच विचारतात, "डॉक्टर, ही लघवीची नळी नाही का?" आहे, काका. नाकाला तेवढं कळत नाही.

तर वाचकहो, घोळणा फुटला तर पुढे वाका, मऊ भाग दाबा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धीर धरा. तरीही थांबलं नाही, धार मोठी असली, डोक्याला मार लागलेला असला किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर लगेच आमच्याकडे या. येताना गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. नातेवाईक मात्र दोनच पुरेत.