पाणी कधी येणार?

सोसायटीच्या सभेत जो गप्प बसतो, त्याच्या गळ्यात काम पडतं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग एक चॅटबॉट करून टाका. पाणी कधी येणार, हे विचारायला लोक मला रात्री अकराला फोन करतात," सेक्रेटरी म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. मानधनाचा विषय आयत्या वेळच्या विषयांतही निघाला नाही.

काम तसं अवघड नव्हतं. अक्कल दूरच्या सर्व्हरवर असते, तिच्यापर्यंत पोचायला एपीआय असतो आणि त्या एपीआयशी बोलायला जावास्क्रिप्टची क्लायंट लायब्ररी. एनपीएम इन्स्टॉल मारायचं, एपीआय की द्यायची, चार ओळी लिहायच्या. ब्रेंडन आईक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट १० दिवसांत उभी केली. आमच्याकडे गळक्या टाकीसाठी कोटेशन मागवायलाच त्याहून जास्त दिवस लागतात.

ही लायब्ररी मोठी सोशिक. 'फार वेळा आलात, थांबा' अशा अर्थाचा ४२९ क्रमांक तोंडावर मारून सर्व्हरने हाकललं, तरी ती न रुसता जरा थांबते आणि पुन्हा जाते. मात्र एपीआय की ब्राउझरमध्ये उघडी टाकून कोड चालवायला गेलात, तर अडून बसते. तरीही हट्ट असेल, तर ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या दोघांच्याही लायब्ररीत 'डेंजरसली-अलाऊ-ब्राउझर' नावाचा पर्याय आपल्या हाताने चालू करावा लागतो. नंतर कुणी ती की उचलून वापरली आणि बिल आपल्याला आलं, तर 'आधी का नाही सांगितलंत' म्हणायची सोय उरत नाही.

उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून कोडमध्ये 'अवेट' लिहायचं असतं. ते नसलं तर काय होतं, हे मी सेक्रेटरींना मुद्दाम दाखवलं. 'पाणी कधी येणार?'च्या खाली उमटलं: 'प्रॉमिस, पेंडिंग'.

"बरोबर आहे की!" ते म्हणाले.

मग बी विंगच्या काकू आल्या. बहुतेक चॅट एपीआयना मागचं काही आठवत नाही. दर प्रश्नासोबत आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवायचं आणि त्या सगळ्याच्या टोकनांचे पैसे मोजायचे. त्यात देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन जास्त लागतात. काकूंनी आधी पाण्याचं विचारलं, मग सुनेचं सांगितलं, मग गुडघ्यांचं, आणि शेवटी म्हणाल्या, "बरं, पाणी कधी?" एवढ्यासाठी सून आणि गुडघे पुन्हा सर्व्हरपर्यंत जाऊन आले. खर्च आवरायला मी शेवटचे मोजके संदेशच पाठवायला लागलो, तर काकूंची लेखी तक्रार आली: बॉट आपुलकीने चौकशी करत नाही.

आता राहिली पाण्याची वेळ. ती बॉटला आपोआप कळत नाही, रोज कुणीतरी सिस्टम प्रॉम्प्टमध्ये टाकावी लागते. आमच्याकडे हे काम सेक्रेटरी करतात, आणि ते वॉचमनला विचारून करतात.

तेव्हा आपापल्या सोसायटीसाठी बॉट करायला निघालेल्यांना एवढीच विनंती: लायब्ररी कुठलीही घ्या, महिन्याच्या खर्चाला मर्यादा घाला आणि वॉचमनचा नंबर जवळ ठेवा.