तत्पर एचआर

अर्जाला उत्तर देणारं एकच एचआर खातं देशात उरलं आहे, आणि ते चोरांचं आहे. खऱ्या कंपनीकडे पाठवलेला बायोडेटा कुठं जातो, हे खुद्द कंपनीलाही ठाऊक नसतं. चोर मात्र रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डियर कॅन्डिडेट’ म्हणत हजर! मुलाखत टेलिग्रामवर, तीही टाइप करून. शर्टाला इस्त्री नको. दहा मिनिटांत निवड, पाठोपाठ ऑफर लेटर. त्यावर नामांकित कंपनीचा लोगो, गोल शिक्का, सही. ईमेल तेवढा जीमेलचा. पण इतकं गोड बोलणाऱ्याचा ईमेल तपासायचा म्हणजे अगदीच कोतेपणा. मग लॅपटॉपसाठी अनामत भरायची. ती ‘रिफंडेबल’ असते. (हा शब्द ऐकला की मराठी माणूस निम्मा विरघळतो.)

पहिला पगारही त्याच दिवशी. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना पाच तारे द्या, की शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात पडतात. मग येतात ‘प्रीपेड टास्क’: पाच हजार भरा, सात हजार मिळवा. स्क्रीनवर शिल्लक फुगत जाते. काढायला गेलात की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. नोकरीसाठी नोकरानंच मालकाला पैसे द्यायचे, ही आपल्याकडच्या काही शिक्षणसंस्थांची जुनी प्रथा. चोरांनी ती फक्त ऑनलाइन केली.

ऑफलाइन शाखाही जोरात आहे. २०२२ साली तमिळनाडूतल्या निदान २८ जणांना नवी दिल्ली स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं. रोज आठ तास, जवळपास महिनाभर. रेल्वेत लागायचं तर हेच ट्रेनिंग, असं त्यांना सांगितलं होतं. आधी लाखो रुपये मोजले, मग डबे. बिनकामाचं काम त्यांना सरकारी नोकरीसारखंच वाटलं असेल, तर दोष त्यांना कसा द्यायचा?

परदेशी शाखेत तर नोकरी खरी असते. थायलंडमध्ये डेटा एन्ट्री म्हणून गेलेली कित्येक भारतीय पोरं सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला पोहोचवली गेली. तिथं पासपोर्ट जप्त, आणि काम दुसऱ्यांना ऑनलाइन फसवण्याचं. विमानात बसण्यापूर्वी एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतं. पण व्हिसा, तिकीट आणि पगार एका फोनवर ठरवणाऱ्या देवमाणसावर अविश्वास दाखवायचा तरी कसा?

पैसे गेलेच, तर तडक १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. लवकर कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. तिथं रजिस्ट्रेशन फी घेत नाहीत. अनुभवी उमेदवारांना नेमका याचाच संशय येतो.