श्री. इफइंडेक्स यांस अनावृत पत्र

श्री. इफइंडेक्स,
मु. पो. इंटरफेस टेबल, राउटर.

स. न. वि. वि.

राउटरवरच्या प्रत्येक इंटरफेसला एकेक आकडा वाटायचा, एवढंच आपलं काम. पोर्ट असो, लूपबॅक असो की टनेल, आपल्या टेबलात सगळ्यांना जागा. एसएनएमपीवरून ट्रॅफिकची चौकशी आली, की ती नावानं नाही, आपल्या आकड्यानं होते. एवढा मोठा कारभार आपण किती हलक्या हातानं हाकता, हे चारचौघांना कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

चालू राउटरमध्ये नवं कार्ड बसवलं, की आपण शहाण्यासारखे वागता. जुन्यांना न हलवता नव्यांना पुढचे आकडे देता. आम्ही निर्धास्त. मग एखाद्या पहाटे लाइट जाते, यूपीएस मान टाकतो, राउटर नव्यानं उठतो आणि आपण पहिल्यापासून मोजायला बसता. आता ते कार्ड मधल्या स्लॉटमध्ये दिसतं, म्हणून त्याच्या मागचे सगळे पुढे सरकतात. कालचा ७ आज ११ होतो.

मॉनिटरिंगला याचा पत्ताच नसतो. ते इमानदारीत ७ लाच विचारतं आणि ७ कडून उत्तरही येतं. अलार्म वाजत नाही, ग्राफ तुटत नाही. फक्त नाशिक शाखेच्या नावाखाली नागपूर शाखेचा ट्रॅफिक उमटू लागतो. तो तुडुंब ग्राफ मीटिंगमध्ये झळकतो, नाशिकची बँडविड्थ दुप्पट होते आणि नागपूरकर ईमेल उघडायची वाट बघत बसतात. उत्तरच न देणारं यंत्र परवडलं. खात्रीनं चुकीचं उत्तर देण्याची कला मात्र आपलीच.

बरं, आपल्यावर दावा ठोकायचीही सोय नाही. १९९१ च्या आरएफसी १२१३ नं आपल्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की एका री-इनिशियलायझेशनपासून पुढच्यापर्यंत तरी आकडा बदलणार नाही. रिबूटनंतरचं कुणी लिहूनच घेतलं नाही. आकडा इंटरफेसच्या एकूण संख्येच्या आत हवा, ही जुनी अट १९९४ च्या आरएफसी १५७३ नं काढून टाकली. येत्या-जात्या इंटरफेसची सोय झाली आणि आपल्याला रान मोकळं मिळालं.

आपल्याला आवरणारी कमांड आहे. सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये 'एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट' एवढी एक ओळ टाकायची आणि कॉन्फिग सेव्ह करायचं; मग आपला तक्ता एनव्हीरॅममध्ये जपला जातो. ती मुळात बंद ठेवलेली असते, यात आपला हात असल्याचा पुरावा नाही.

आपले धाकटे बंधू इफएलियस मात्र भलतेच सरळ. ६४ अक्षरांत आम्ही लिहू ते नाव ते रिबूटनंतरही सांभाळतात. सिस्कोवर इंटरफेसखाली डिस्क्रिप्शन लिहिलं, की तेच त्यांच्या तोंडी येतं. पण तिथे 'नागपूर लीज्ड लाइन' लिहायला आमच्याकडे कुणाला वेळ नसतो; चुकीच्या शाखेची बँडविड्थ वाढवायला असतो. लिहिलंच कुणी, तरी मॉनिटरिंगमध्ये लिंक जोडताना पुन्हा आपलाच आकडा निवडला जातो. असे भक्त असताना आपण सुधारायचं कशाला?

कळावे. लोभ नसला तरी चालेल, आकडा तोच असावा.

आपला,
एक नेटवर्कवाला