एक पूर्णांक सदतीस

आमच्या पुतण्याच्या प्रत्येक शर्टावर, दुसऱ्या बटणाच्या शेजारी, बॉलपेनची एक आडवी रेघ असते. वहिनींना वाटलं शाईचा डाग. त्यांनी लिंबू लावून घासला, तर दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा हजर. चौकशीअंती कळलं, की चप्पल घालून तो सरळ उभा राहिला की ही रेघ जमिनीपासून बरोबर १.३७ मीटरवर येते. झाडाचा घेर या उंचीवर मोजायचा असतो, तिला छातीउंची म्हणतात. आपण साडेचार फुटांचे मीटर केले म्हणून १.३७, युरोपात १.३० धरतात. "म्हणजे तिकडच्या लोकांची छाती आपल्यापेक्षा खाली असते का रे?" मी विचारलं. तो हसला नाही. झाडाशी संबंधित विनोद या मुलांना चालत नाहीत.

तो दापोलीला, कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. फॉरेस्ट्री करतो. चार वर्षांचा कोर्स, सध्या तिसरं चालू आहे. वाडीत मात्र 'फॉरेस्ट' म्हणजे खाकी गणवेश, आणि खाकी म्हणजे दंड. त्यामुळे तो सुट्टीला आला की दोन-तीन घरांतल्या सरपणाच्या मोळ्या पडवीतून मागच्या दारी जातात. तो बिचारा जातो ते टेप घेऊन, फणसाला मिठी मारायला.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत आला तेव्हा जेवताना माझ्या डोक्याकडे टक लावून बसला होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही अजून विरळ वनात आहात." उपग्रहाच्या चित्रात वरून बघताना झाडोऱ्याची सावली सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर अतिघन, चाळीस ते सत्तर मध्यम घन, दहा ते चाळीस विरळ. "आणि दहाच्या खाली?" "झुडपी." तेव्हापासून तो घरी असेपर्यंत मी टोपी काढत नाही.

पण याच व्याख्येने पुढे घोटाळा केला. एक हेक्टरच्या वर जमीन आणि दहा टक्क्यांच्या वर सावली असली, की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, हे उपग्रह विचारत नाही. हे ऐकून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पान खाली ठेवलं. "माझी काजूची बाग जंगल? कलमं मी लावली, पाणी मी घातलं, आणि दिल्लीत हिशेब जंगलाचा?" पुतण्याने समजूत घालायला बांबूचं उदाहरण दिलं. बांबू हे गवत, पण १९२७च्या वन कायद्यात ते झाड होतं, आणि वनस्पतिशास्त्र कायद्यापर्यंत पोचायला २०१७ साल उजाडलं. अण्णांची समजूत पटली नाही. त्यांची सरकारबद्दलची मतं तेवढी घट्ट झाली.

शाश्वत व्यवस्थापन तो घरातच शिकवतो. १७१३ साली सॅक्सनीत कार्लोविट्झ नावाच्या खाणींच्या अधिकाऱ्याने पुस्तक लिहिलं. चांदी वितळवायला लाकूड लागे आणि डोंगर बोडके होत चालले होते. तेव्हा जेवढं वाढेल तेवढंच तोडावं, असं त्याने मांडलं. पुतण्याने हे तत्त्व वहिनींच्या रव्याच्या लाडवांच्या डब्याला लावलं. झाकणावर कागद चिकटवला: एकूण साठा ४०, दैनिक तोड ३. चौथ्या दिवशी डबा रिकामा. अवैध तोड कुणी केली याचा तपास लागला नाही, पण घरातल्या एका दैनंदिनीच्या कागदाला तूप लागलं होतं आणि दैनंदिनी त्याचीच होती.

खरी लढाई झाली ती ऐनावरून. आमच्याकडे भाताची पेर करायच्या जागी राब भाजतात; त्यासाठी अण्णा थंडीत ऐनाच्या झाडाची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडतात. पुतण्या झाडाखाली उभा राहून ओरडला, "अण्णा, टर्मिनॅलिया टोमेंटोसा आहे तो!" (पुढच्या सुट्टीत तो टर्मिनॅलिया इलिप्टिका झाला होता. अण्णांनी विचारलं, "सोयरीक बदलली काय याची?") अण्णा वरूनच म्हणाले, "शेंडा तोडला काय मी? औंदा हा, पुढच्या साली पलीकडचा. शेंडा गेला की झाड खुजं होतं, हे तुमच्यात शिकवत नाहीत?" शिकवतात. दर साली झाड बदलण्याला तिथे फेरपाळी म्हणतात आणि त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. पुतण्याने खाली उभं राहून वहीत लिहून घेतलं. प्रकल्पाच्या अहवालात ते आलं, मात्र अण्णा त्यात 'स्थानिक माहितगार' झाले. ते वाचून दाखवल्यावर अण्णा दिवसभर खूश होते.

मागच्या मे महिन्यात लाकडाचा व्यापारी आला. बांधावरचे साग बघायला. तोडीच्या परवानगीचं तो बघणार होता, मोजायचं तेवढं राहिलं होतं. त्याने खिशातून सुतळी काढली, बुंध्याला गुंडाळली, मग ती काढून दुमडली, पुन्हा दुमडली. चौथा हिस्सा एक फूट. "एक गुणिले एक, लांबी दहा. दहा घनफूट."

पुतण्याची रेघ उठून उभी राहिली. "घेर चार फूट, म्हणजे लाकूड पावणेतेरा घनफुटांच्या आसपास आहे. खोड गोल आहे, तुम्ही चौकोनी धरताय."

"सगळीकडे असंच मोजतात, साहेब."

"माहीत आहे. आमच्या पुस्तकातही आहे. शंभरातले साडेएकवीस जातात त्यात."

"मग करवतीचा भुसा कोणाच्या बापाचा?"

प्रश्न बरोबर होता. ही रीत मुळात त्या भुशासाठीच निघाली. पुतण्या दोन क्षण गप्प राहिला. मग वहीत आकडे मांडून म्हणाला, "ठीक. मग भाव त्या हिशेबाने वाढवा."

अण्णा इतका वेळ सुतळीकडे बघत होते. आयुष्यात त्यांनी किती साग असे विकले असतील, ते मनातल्या मनात मोजत असावेत. शेवटी म्हणाले, "यंदा नाही विकायचे." व्यापारी सुतळी गुंडाळत गेला. अण्णांनी बांधावरच्या पाचही सागांना नातवाच्या शर्टाच्या उंचीवर खडूने रेघा मारल्या.

आता तो वन सेवेची तयारी करतो आहे. तिथे पुरुषांना चार तासांत पंचवीस किलोमीटर चालावं लागतं, म्हणून तो पहाटे घाटाने चालतो. इंजिनियरांनाही त्या परीक्षेला बसता येतं, याचा त्याला राग आहे. तो विषय काढू नका. पण तुमच्या बांधावर साग असेल आणि दारात कुणी सुतळी घेऊन उभा असेल, तर ती चौपदरी व्हायच्या आत आमच्या पुतण्याला बोलावून घ्या. फी घेत नाही. लाडवांचा डबा तेवढा वर ठेवा.